गोळी बंद केली

मुलुंड,
२ जुलै २०२४

आत्या, जय भीम.

भाऊराव मामांच्या मांडीचं हाड कसं आहे? भावाचं दुखणं काढायला तुम्ही उंबरवाडीला गेलात त्याला आता दोन महिने होतील. घर फार गप्प वाटतं. कानातल्या मशीनमुळे फोनवर तुम्हाला नुसती शिट्टी ऐकू येते, म्हणून हे पत्र. आणि ही बातमी दुसऱ्या कुणाच्या तोंडून तुमच्यापर्यंत जाऊ नये असंही वाटलं.

मला तिसरा महिना पुरा होत आला. आधी सांगितलं नाही, रागावू नका. मागच्या वेळी दुसऱ्याच महिन्यात आपण अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले आणि सातव्यात बीपी चढून जे व्हायचं ते झालं. त्या पोरीला काचेच्या पेटीत तुम्हीच पाहिलंत. मला पलंगावरून उठवतही नव्हतं, आणि उठवेपर्यंत ती राहिली नाही. म्हणून या वेळी तोंडच उघडलं नाही.

डॉक्टर बदलल्यात. डॉक्टर मानसी म्हणून आहेत. त्यांनी मागचे सगळे कागद वाचले आणि म्हणाल्या, "एकदा असं झालं की पुन्हा होण्याची भीती असते. वाट बघत बसायचं नाही." रोज रात्री जेवल्यावर घ्यायला अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी दिलीय. मी विचारलं, याने बीपी उतरतं का? तर म्हणाल्या, "नाही गं. बाळाची वार सुरुवातीपासून नीट रुजावी, तिला रक्त नीट मिळावं, म्हणून ही. पुढे बीपी चढून गडबड होण्याची शक्यता कमी होते. शून्य होत नाही, कमी होते." शून्य होत नाही हे त्यांनी दोनदा सांगितलं. त्यामुळेच मला त्यांचा विश्वास वाटला.

प्रबुद्धच्या कंपनीला ठाण्याच्या नव्या टॉवरमधल्या लिफ्टचं काम मिळालंय, त्याला उशीर होतो. मी घाटकोपरच्या शाळेच्या ऑफिसात जातेच आहे. मामा चालायला लागले की या.

तुमची,
संघमित्रा

*

उंबरवाडी, ता. खटाव,
११ जुलै २०२४

चि. मित्रास आत्याचा जय भीम.

पत्र वाचलं आणि तशीच उंबऱ्यात बसले. भाऊराव विचारत होता काय झालं म्हणून, त्याच्या हातात पत्रच दिलं. इथे भाऊरावच्या सुनेला, रतनच्या सपनालाही दिवस गेलेत, तुझ्याच मागेपुढे. तिचं पहिलंच आहे. पोरगी गुणाची आहे, सासू नाही म्हणून सगळं मलाच विचारते.

पण ती गोळी कशाला घेतेस गं? तीच गोळी तुझ्या सासऱ्यांना हार्ट अटॅकनंतर दिली होती. रक्त पातळ राहावं म्हणून. मी माझ्या हाताने देत होते. आणि मग सकाळी दाढी करता करता खाली कोसळले. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्त झालं. तू तेव्हा लग्न होऊन यायची होतीस, तू ते पाहिलं नाहीस. नाकातून आलेलं रक्त मी पुसलंय.

रक्त पातळ झाल्यावर पोटातलं टिकायचं कसं? त्या डॉक्टरीण बाई चांगल्या असतील, पण एक गेलंय आपलं, दुसरं घालवायचं नाही. आजच बंद कर. बंद केल्याचं मला लिहून कळव. तोवर मला घास जायचा नाही.

प्रबुद्धला म्हणावं, बायकोला वजन उचलू देऊ नको.

तुझी आत्या,
चंपा

*

मुलुंड,
२० जुलै २०२४

आत्या, जय भीम.

तुमचं पत्र मिळालं. गोळी बंद केली. तुम्ही जीवाला लावून घेऊ नका, नीट जेवत जा.

माझी तब्येत बरी आहे. बीपी तपासलं, ठीक आहे. उलट्या थांबल्यात. वजन प्रबुद्धच उचलतो.

सपनाला माझा जय भीम सांगा.

संघमित्रा

*

उंबरवाडी,
६ ऑगस्ट २०२४

चि. मित्रा,

तुझं पत्र आलं आणि त्या दिवशी मी पोटभर जेवले. भाऊराव हसला, म्हणाला, "अक्का, आज भाकरी कमी पडायची." तो आता काठी घेऊन परसापर्यंत जातो.

एक सांगायचंय. सपनाचं बीपी आरोग्य केंद्रात सुरुवातीपासूनच जास्त निघालेलं. तिला बीपीची गोळी आहे, आणि वर ही तुझीवाली पण दिली होती. मला माहीतच नव्हतं, परवा पाकिटावरचं नाव वाचलं तेव्हा कळलं. मी तिला तुझं पत्र दाखवलं. म्हटलं, ही बघ, मुंबईत राहणारी, शिकलेली, हिने बंद केली आणि ठणठणीत आहे. बीपीची घे, ही नको. तिने लगेच ऐकलं. माझ्यासमोर पाकीट चुलीत टाकलं.

आता दोघींची काळजी मिटली. तुझ्या बाळंतपणाला मी येणारच. डिंक इथला चांगला मिळतो, तो घेऊन येईन.

तुझी आत्या

*

मुलुंड,
१६ ऑगस्ट २०२४

आत्या, जय भीम.

मामा चालायला लागले, फार बरं वाटलं.

सपनाचं मात्र मला जरा वेगळं वाटतं. तिचं बीपी आधीपासून जास्त आहे ना, मग तिने डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही बंद करू नये. प्रत्येकीचं वेगळं असतं. तिला केंद्रात जाऊन विचारायला सांगा. तेवढं नक्की सांगा.

इथे सगळं ठीक. बाळ हलायला लागलंय असं वाटतं, अजून खात्री नाही.

संघमित्रा

*

उंबरवाडी,
३० ऑगस्ट २०२४

चि. मित्रा,

तू लिहिलंस ते सपनाला सांगितलं. ती म्हणाली, "ताईंनी तरी कुठे डॉक्टरांना विचारून बंद केली?" मी म्हटलं, तेही खरंच. तिच्या डोक्यात उगाच भीती घालू नको, पहिलटकरीण आहे. तू तिच्यासारखीच, तुझं तर मागचं एवढं वाईट झालेलं, तरी तू सोडलीस आणि तुला काही झालं नाही. मग तिला काय होणार?

खाते छान. पाय जरा सुजतात, ते दिवसभर उभं राहून. रात्री मी कोमट पाण्यात मीठ घालून शेकते. तू पण पाय वर करून बसत जा. ऑफिसात स्टूल माग.

तुझी आत्या

*

सातारा,
९ नोव्हेंबर २०२४

मित्रा,

रतनने प्रबुद्धला फोनवर बाळ गेलं एवढंच सांगितलं असेल. बाकीचं मी लिहिते, कारण ते तुला कळलंच पाहिजे.

सोमवारी सकाळपासून सपना डोकं दुखतं म्हणत होती. मी कपाळाला सुंठ उगाळून लावली. दुपारी म्हणाली, "आत्या, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत." मला वाटलं, उपाशी असेल. ताट घेऊन आले तर ती जमिनीवर पडलेली, दातखीळ बसलेली, हातपाय झाडत होती. तोंडाला फेस. भाऊराव काठी टाकून धावला आणि तोही पडला. रतन दुधाचा टेम्पो घेऊन गेलेला, तो येईपर्यंत शेजारच्यांनी जीप आणली. वाटेत पुन्हा झटका आला. तालुक्याच्या दवाखान्यात इंजेक्शन दिलं आणि साताऱ्याला पाठवलं. तिथे पोट कापून बाळ काढलं. मुलगा होता. आधीच गेलेला.

सपना जगली. बीपी अजून उतरत नाही, लघवीचा त्रास आहे, डोळ्यांना अंधुक दिसतं. ते सुधारेल म्हणतात.

डॉक्टर तरुण आहे. त्याने माझ्या कानाशी येऊन मोठ्याने विचारलं, "अ‍ॅस्पिरिन लिहिलेली दिसते. घेत होती का?" मी म्हटलं, बंद केली. "कुणी सांगितलं?" मी म्हटलं, मी. त्याने ते कागदावर लिहून घेतलं. मग मीच म्हटलं, माझ्या सुनेलाही मीच बंद करायला लावली, तिचं तर मागचं बाळ असंच गेलंय. तेव्हा तो म्हणाला, "आजी, त्यांना आज, आत्ता तपासायला पाठवा."

रतनला फोन करायला सांगितलं, तो ऐकत नाही. माझ्याशी बोलतच नाही. म्हणून साताऱ्याच्या पोस्टातून हे पत्र टाकतेय. मित्रा, बाई, उठ आणि डॉक्टरांकडे जा. डोकं दुखलं, डोळ्यांपुढे चमकलं, छातीखाली दुखलं तर घरात बसू नको. ती गोळी द्या म्हणून त्यांच्या पाया पड. माझं ऐकू नकोस. मी एकीचं घर बुडवलं, तुझंही बुडवलं असेल तर मला कुठे तोंड दाखवायला जागा नाही.

चंपा

*

मुलुंड,
१६ नोव्हेंबर २०२४

आत्या,

मी ठीक आहे. बाळ ठीक आहे. हे आधी वाचा आणि मग पुढचं.

मी गोळी बंद केली नव्हती. एकही दिवस नाही.

तुमचं जुलैचं पत्र आलं तेव्हा मी ते प्रबुद्धला दाखवलं. बाबांचं आठवून तोही घाबरला. आम्ही डॉक्टर मानसींना जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, बाबांचं बीपी त्या काळात खूप वाढलेलं असणार, वय होतं, ती गोष्ट वेगळी. ही गोळी या कारणासाठी पोटुशी बायकांना देतात, तू सोडू नकोस. घरी आल्यावर प्रबुद्ध म्हणाला, "आईला हो म्हणून टाक आणि घेत राहा. तिला शांत झोप लागेल, तुलाही." मला ते पटलं. त्याच्यावर ढकलत नाही, लिहिलं मी. इतकं सोपं वाटलं ते. दोन शब्द.

मग तुमचं सपनाचं पत्र आलं. मी दारातच उभी राहून वाचलं, खांद्यावरची पर्ससुद्धा काढली नव्हती. त्याच वेळी खरं लिहायला हवं होतं. प्रबुद्ध म्हणाला, लिही. मी कागद घेतला आणि मला तुमचं ते 'पोटभर जेवले' दिसायला लागलं. खोटं बोलले हे कळल्यावर तुमचा चेहरा कसा होईल ते दिसायला लागलं. म्हणून ते गुळमुळीत लिहिलं, प्रत्येकीचं वेगळं असतं म्हणून.

आणखी एक. मी सपनाला फोन केला होता, सप्टेंबरमध्ये. सांगायचंच म्हणून केला. ती किती खूश झाली. म्हणाली, "ताई, मी पण तुमच्यासारखंच केलं हं." मी म्हटलं, काळजी घे. आणि फोन ठेवला.

तुम्ही तिला जे सांगितलंत ते माझ्या शब्दावर सांगितलंत. तुम्ही कुणाचं घर बुडवलं नाहीत. बुडवलं असेल तर मी.

हे सपनाला तुम्ही सांगाल का? की मी सांगू? तुम्ही म्हणाल तसं करते.

संघमित्रा

*

मुलुंड,
२२ डिसेंबर २०२४

आत्या, जय भीम.

मागच्या पत्राला तुमचं उत्तर नाही. बरोबर आहे. पण हे कळवायला हवं.

दहा दिवसांपूर्वी मुलगी झाली. नववा लागताना माझं बीपी चढायला लागलं, लघवीतही दोष निघाला. डॉक्टर मानसी म्हणाल्या, आता थांबायला नको. झटके येऊ नयेत म्हणून आधी इंजेक्शनं दिली. अंगात आग पेटावी तसं झालं. मग सिझेरियन केलं. पोरगी दोन किलोला थोडी कमी आहे, पण काचेच्या पेटीत ठेवावी लागली नाही. रडली. मी ऐकलं.

डॉक्टरांना मी विचारलं, गोळीमुळे निभावलं का? त्या म्हणाल्या, "तुझ्या एकटीकडे बघून ते सांगता येत नाही. मागच्यापेक्षा बरंच पुढे आलीस, एवढं खरं. आणि दर वेळी तपासायला आलीस, तेही." मला वाटलं होतं, त्या हो म्हणतील. त्या हो म्हणाल्या असत्या तर सपनाचं उत्तरही मला त्यातच मिळालं असतं. कदाचित म्हणूनच विचारलं मी.

माझं बीपी अजून गोळ्यांवर आहे. पोरगी दूध ओढते. प्रबुद्ध तिला हातात घ्यायला घाबरतो.

मला आनंद होतो आणि लगेच लाज वाटते. दिवसभर असंच चाललंय.

संघमित्रा

*

उंबरवाडी,
५ जानेवारी २०२५

चि. मित्रास,

दोन्ही पत्रं मिळाली. पहिल्याचं उत्तर लिहायला बसायचे आणि कोरा कागद घडी घालून ठेवायचे.

खरं सांगायचं ठरवलंय तर सगळंच सांगते. तू गोळी सोडली नव्हतीस हे वाचलं आणि पहिल्यांदा मला आनंद झाला. मोठ्याने रडले. तुझ्या पोटातलं वाचेल म्हणून. तेवढ्यात आतल्या खोलीत भिंतीला धरून चालणारी सपना दिसली, आणि मग त्या आनंदाची मला शिसारी आली.

मला ऐकू येईनासं झालं तेव्हापासून माणसं माझ्याशी बोलत नाहीत, मान डोलावतात. दुकानदार, डॉक्टर, नातेवाईक, माझा पोटचा प्रबुद्धसुद्धा. हो हो करायचं आणि म्हातारीला वाटेला लावायचं. तू लग्न होऊन आलीस आणि पहिल्याच आठवड्यात पाटी आणलीस, काय स्वयंपाक करू ते लिहून विचारलंस. तू लिहिशील ते खरं, असं माझ्या मनात बसलं होतं. सपनाला मी तुझं पत्र दाखवलं ते म्हणूनच. माझ्या शब्दाला कोण विचारतं? तुझ्या लिहिण्याला वजन होतं.

तू गोळी घेत राहिलीस ते बरं केलंस. मला खोटं लिहिलंस ते वाईट केलंस. आणि मी डॉक्टर नसताना दुसऱ्याच्या पोरीच्या तोंडची गोळी काढली, ते मी केलं. ते तुझ्या पदरात टाकून मोकळी होणार नाही.

सपनाला मी तुझं पत्र वाचून दाखवलं, सगळं, फोनचं पण. तिने ऐकून घेतलं. एवढंच विचारलं, "म्हणजे ताई तेव्हा घेत होत्या?" मी मान हलवली. मग ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

तो तरुण डॉक्टर म्हणतो, गोळी चालू असती तरी झालंच नसतं असं छातीठोकपणे सांगता येत नाही. हे मी सपनाला सांगितलेलं नाही. माझ्या सोयीचं आहे ते. तिने विचारलं तर सांगेन.

मी एवढ्यात येणार नाही. भाऊरावचं हाड पुन्हा दुखावलंय, आणि सपनाच्या गोळ्यांच्या वेळा मी सांभाळते. ती माझ्या हातून पाणी घेते. बोलत नाही. रतन अजून माझ्याकडे बघत नाही. इथून उठून नातीचं बारसं करायला यावं असं माझं काळीज नाही. पोरीचं नाव तुम्ही दोघं ठेवा.

डिंक पाठवलाय, एसटीने. लाडू तुला स्वतःलाच करावे लागतील.

आत्या

*

उंबरवाडी,
१८ फेब्रुवारी २०२५

संघमित्रा ताईंस,

तुमचं मला आलेलं पत्र वाचलं. तुम्ही माफी मागितलीत. त्यावर मला काही लिहिता येत नाही. लिहिता येईल तेव्हा लिहीन.

डोळे आता बरे आहेत. हे मीच लिहितेय. बीपीची एक गोळी उरलीय, बाकीच्या बंद झाल्या. म्हणजे डॉक्टरांनी बंद केल्या. दर आठवड्याला आरोग्य केंद्रातली रेवती सिस्टर घरी येऊन तपासते. तिला मी विचारलं, पुढच्या वेळी काय करायचं. ती म्हणाली, आधी तब्येत नीट कर, मग दिवस राहिले की लगेच ये, ती छोटी गोळी तिसऱ्या महिन्याच्या सुमाराला सुरू करायची आणि कुणाच्या सांगण्यावरून सोडायची नाही. पुढची वेळ मला हवी का, ते मला माहीत नाही. रतन त्याबद्दल बोलत नाही.

आत्यांना मी काही बोलले नाही अजून. त्या रात्री उठून माझा श्वास बघतात, मी जागी असते. त्यांना वाटतं, मला कळत नाही. त्यांना मुलुंडला पाठवा असं रतन म्हणत होता. मी नको म्हटलं. का म्हटलं ते सांगता येणार नाही.

तुमच्या मुलीचा फोटो रतनच्या फोनवर आलाय. मी पाहिलेला नाही. एवढ्यात पाहीन असं वाटत नाही.

रतनला सांगितलंय, फोटो पुसू नकोस.

सपना